प्रतिकारशक्तीवर उगाच आलेलं बालंट

आठवड्यातल्या दोन रात्री एसी स्लीपर कोच बसमध्ये, महिन्याकाठी एखादं विमान, मधल्या दिवसांत टॅक्सी आणि लॉजची खोली. औषध कंपन्यांचे एमआर, विक्रीवाले, ऑडिटसाठी फिरणारे, मशिनं दुरुस्त करायला गावोगाव जाणारे इंजिनिअर, नोकरी पुण्यात आणि घर लातूर-नागपूरला असलेले, या सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच असतं. महिना-दीड महिना गेला की घसा धरतो, नाक गळायला लागतं आणि खोकला पंधरा दिवस पिच्छा सोडत नाही. घरातलं निदानही ठरलेलं असतं: "तुझी इम्युनिटी कमी झालीय." मग च्यवनप्राश, काढा, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि कुठल्याशा पॅकेजमधली रक्ततपासणी.

बहुतेकांच्या बाबतीत हे निदान चुकतं, आणि चुकीच्या निदानाची किंमत मोजावी लागते. पैसे गोळ्यांवर जातात. आपण कोणती हवा ओढतो, किती झोपतो आणि आपल्याला झालंय ते नेमकं काय, या तीन गोष्टींकडे मात्र कोणी बघत नाही.

आधी आकडे पाहू. धडधाकट प्रौढ माणसालाही वर्षात सरासरी दोन-तीन वेळा सर्दी होते, लहान मुलांना त्याहून पुष्कळ जास्त. सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. एकाशी लढून शरीर जे शिकतं, ते दुसऱ्याच्या वेळी फारसं उपयोगी पडत नाही. आता जो माणूस दर आठवड्याला तीस-चाळीस नव्या लोकांबरोबर बंद डब्यात रात्र काढतो आणि ज्याच्या घरी शाळेत जाणारं मूल आहे, त्याला वर्षात पाच-सहा सर्द्या झाल्या तर त्याची प्रतिकारशक्ती ढासळली असं म्हणता येत नाही. त्याची गाठ जास्त विषाणूंशी पडते, इतकंच. शिवाय शिंका, शेंबूड, घशाची सूज ही बरीचशी प्रतिकारशक्तीचीच कामगिरी असते. प्रत्येक सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होत असेल तर यंत्रणा नीट चालू आहे.

म्हणून पहिलं काम वहीचं. दोन महिने प्रत्येक आजारपणाच्या तीन ओळी लिहायच्या: पहिलं लक्षण कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे सुरू झालं, ताप आला का, किती दिवसांनी उतार पडला. मग दिवस मागे मोजायचे. साध्या सर्दीचा राइनोव्हायरस शरीरात शिरल्यापासून बारा तास ते तीन दिवसांत त्रास सुरू करतो, फ्लू एक ते चार दिवसांत. म्हणजे बसमध्ये बसल्यावर तासाभरात नाक वाहायला लागलं, तर ती लागण त्या बसमधली असूच शकत नाही. एकतर ती दोन दिवसांपूर्वीची आहे, किंवा ती लागणच नाही.

हे दुसरं फार वेळा निघतं. लागणीची सर्दी बहुधा घशातल्या खवखवीने सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरते आणि आठवडाभरात ओसरते. ॲलर्जीची तऱ्हा वेगळी. पांघरूण अंगावर घेतल्यावर किंवा एसी सुरू झाल्यावर काही मिनिटांत ओळीने सात-आठ शिंका, नाकात नि डोळ्यांत खाज, पाण्यासारखा पातळ स्राव, ताप अजिबात नाही, आणि उतरून उन्हात आलं की तासा-दोन तासांत सगळं शांत. तिसरा प्रकार कोणाच्या ध्यानातच येत नाही. रात्री साडेदहाला ढाब्यावर तिखट जेवण, अकराला बर्थवर आडवं, आणि सकाळी आवाज बसलेला, सारखं घसा खाकरावंसं वाटणं, कोरडा खोकला. हे पोटातलं आम्ल वर येऊन घशाला लागल्यामुळेही होतं. जेवण आणि आडवं होणं यांत तीन तास ठेवले तर काही जणांचा "जुनाट खोकला" दोन-चार आठवड्यांत जातो. ते जमण्यासारखं नसेल तर निघण्यापूर्वी सात-साडेसातला घरी जेवावं आणि ढाब्यावर फक्त पाय मोकळे करावेत.

आता हवा. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच, आणि डोळ्यांना दिसत नसल्यामुळे दुर्लक्षही हिच्याकडेच होतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, असतं, माणसाने सोडलेल्या श्वासात सुमारे ४०,०००. बंद जागेत मीटरवर २,००० दिसलं, तर तिथल्या प्रत्येक शंभर श्वासांतले जवळपास चार श्वास आतल्याच कोणीतरी आधी सोडलेले असतात. हे प्रमाण मोजणारा, खिशात मावेल असा मीटर मिळतो. घेताना एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी थेट कार्बन डायऑक्साइडच मोजणाऱ्या, सेन्सरवालाच घ्यावा. स्वस्तातले काही मीटर भलताच वायू मोजून आकडा अंदाजाने दाखवतात. ८०० च्या आत असेल तर निश्चिंत राहावं, १,५०० च्या वर गेलं तर मास्क चढवावा.

स्लीपर कोच डोळ्यांसमोर आणा. काचा पक्क्या बंद, दोन्ही बाजूंना दुमजली बर्थ, प्रत्येक बर्थला पडदा. एसी आतलीच हवा खेचतो, गार करतो आणि डोक्यावरच्या गोल जाळ्यांतून परत सोडतो. बाहेरची ताजी हवा फारच थोडी येते, ती मुख्यतः दार उघडलं की. गार हवा म्हणजे ताजी हवा नव्हे, आणि सगळी फसगत इथेच होते. त्यात रात्रभर ती जाळी चेहऱ्यावर रोखलेली राहिली की नाक कोरडं पडतं. नाकाच्या आतल्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात. धूळ आणि जंतू अडकलेला चिकट थर ते मागे घशाकडे ढकलत राहतात. अस्तर कोरडं पडलं की हे काम मंदावतं. राइनोव्हायरसला तर ३३ अंशांच्या आसपासचं गार नाक शरीराच्या ३७ अंशांपेक्षा जास्त मानवतं. म्हणून बर्थवर चढल्या चढल्या जाळी पायांकडे वळवावी, डोकं जाळीपासून लांबच्या टोकाला करावं, आणि ढाब्यावर बस थांबली की झोपमोड झाली तरी दहा मिनिटं खाली उतरावं. दार उघडं राहिल्याने बसमधली हवाही तेवढी बदलते. ड्रायव्हरजवळची बाजू किंवा दाराजवळची सीट मिळाली तर घ्यावी.

या हिशेबात आपली साधी लाल एसटी एसी कोचपेक्षा चांगली ठरते. खिडक्या उघड्या असल्या की चालत्या गाडीत हवा सतत बदलत राहते. धुळीची ॲलर्जी असणाऱ्याला ती सोसत नाही हे खरं, पण लागणीपुरतं बोलायचं तर उघडी खिडकी हे सर्वांत स्वस्त औषध आहे. मुंबईच्या साध्या लोकलमध्ये माणसं अंगाला अंग लावून उभी असली तरी दारं उघडी असतात. एसी लोकलमध्ये तसं नाही, तिथे मास्क लावावा.

स्वतःची गाडी किंवा टॅक्सी असेल तर एसीच्या पॅनेलवर गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असलेलं बटण असतं. ते दाबलेलं असलं की आतलीच हवा फिरते. चौघं बसलेल्या गाडीत अशाने मीटरचा आकडा २,००० च्या पुढे सहज जातो, आणि घाटात ड्रायव्हरला पेंग येण्यामागे तेही एक कारण असतं. बोगद्यात किंवा धूर सोडणाऱ्या ट्रकच्या मागे असताना बटण दाबावं, एरवी बाहेरची हवा चालू ठेवावी. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. वर्षातून एकदा, नाहीतर सर्व्हिसिंगला, तो काढून स्वतःच्या डोळ्यांनी बघावा. काळा पडून वास येत असेल तर झटकून परत बसवू नये, नवा घालावा.

विमानाला मात्र लोक उगाच नावं ठेवतात. उडत्या विमानात हवा तासाला वीस ते तीस वेळा बदलते. त्यातली साधारण निम्मी बाहेरची आणि निम्मी हेपा फिल्टरमधून आलेली असते. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. खरा धोका विमान जमिनीवर उभं असताना असतो. अलास्कात १९७७ साली इंजिन बिघडल्यामुळे एक विमान तीन तास जमिनीवर अडकलं होतं, वायुवीजन बंद होतं आणि आत फ्लू झालेली एक व्यक्ती होती. बहात्तर तासांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. म्हणून गेटवरची रांग, विमानापर्यंत नेणारी खचाखच भरलेली बस, आत बसल्यापासून उड्डाणापर्यंतचा वेळ आणि उतरताना सगळे उठून उभे राहतात ती पंधरा मिनिटं, एवढ्या वेळात मास्क हवाच. हवेत असताना काढला तरी चालतं. पण शेजारी खोकत असेल तर ठेवावा. खिडकीची सीट घेतली की येणाऱ्या-जाणाऱ्यांशी कमी संबंध येतो. डोक्यावरची हवेची तोटी बंद करू नये, मध्यम ठेवून चेहऱ्याच्या जरा पुढे रोखावी. विमानातली आर्द्रता १०-२० टक्क्यांवर येते, तिथेही नाक कोरडं पडतंच.

रेल्वेच्या एसी डब्यात पूर्वी तासाला सहा ते आठ वेळा हवा बदलायची आणि आत येणाऱ्या हवेतली ऐंशी टक्के फिरवलेलीच असायची. करोनाकाळात रेल्वेने ताज्या हवेचा वाटा वाढवला. तिथली मोठी अडचण आहे ती ब्लँकेटची. चादर दर प्रवासाला धुतलेली मिळते, पण ब्लँकेट महिन्यातून किमान एकदा धुतलं जातं, असं रेल्वेमंत्र्यांनीच २०२४ मध्ये संसदेत सांगितलं आहे. ज्यांना पांघरूण घेतल्या घेतल्या शिंका येतात त्यांनी स्वतःची सोलापुरी चादर बाळगावी. थोडं ओझं होतं, पण एवढ्याने कित्येकांच्या "सर्द्या" निम्म्यावर येतात. ती दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुवावी, किमान ५५-६० अंशांच्या. त्याहून कोमट पाण्यात धुळीतले सूक्ष्म किडे मरत नाहीत.

मास्कविषयी थोडं. कापडी किंवा सैल निळा मास्क फारसा कामाचा नाही. एन-९५ किंवा एफएफपी-२ घ्यावा, शक्यतो डोक्यामागून दोन पट्टे जाणारा. कानाला अडकवायचा असतो तो बहुधा गालांवर सुटतो. नाकावरची पट्टी एका हाताने चिमटीत दाबायची नाही, त्याने मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांची बोटं ठेवून मधून गालांकडे दाबत न्यायची. मग जोरात श्वास सोडून बघायचं: डोळ्यांकडे हवा आली किंवा चष्म्यावर वाफ धरली तर फट आहे. दाढी असेल तर मास्क नीट बसतच नाही. चार-पाच मास्क आलटून पालटून वापरावेत, प्रत्येक कागदी पाकिटात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. मास्कच्या आत श्वासाची वाफ राहिल्याने नाक ओलसर राहतं, हा वर फायदाच.

लॉजवर खोली मिळाली की पहिली पंधरा मिनिटं खिडकी आणि दार उघडं ठेवावं. स्प्लिट एसीचं पुढचं झाकण दोन्ही बाजूंनी धरून वर उचललं की जाळी दिसते. तिच्यावर राखाडी थर असेल तर ती धुऊन मागावी, कुबट ओलसर वास असेल तर खोलीच बदलून मागावी. हे मागण्यात संकोच करण्यासारखं काही नाही. एसी २६ वर. खोली बरेच दिवस बंद असेल तर शॉवरचं गरम पाणी दोन मिनिटं वाहू द्यावं आणि तोवर बाथरूमच्या बाहेर थांबावं. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू वाढतो आणि तुषारांतून थेट फुप्फुसात जातो.

नाकाची काळजी म्हणजे मीठपाणी. औषधाच्या दुकानात ०.९ टक्क्यांचा सलाइन स्प्रे मिळतो. प्रवासात दर तीन-चार तासांनी दोन्ही नाकपुड्यांत एक-दोन फवारे मारावेत. घरी जलनेती करायची असेल तर ३०० मिली पाण्यात पाच मिलीच्या चमच्याने सपाट अर्धा चमचा मीठ, म्हणजे अडीच-तीन ग्रॅम. कमी पडलं की नाक झोंबतं, जास्त झालं की आग होते. पाणी खळखळून एक मिनिट उकळून गार केलेलंच हवं. लुइझियानात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघे जण मेंदूत अमीबा जाऊन दगावले. लॉजच्या नळाचं पाणी नाकात घालायचं नाही म्हणजे नाही.

नाक मोकळं करणारे थेंब, म्हणजे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन, या लोकांच्या बॅगेत नेहमी असतात, आणि त्यांनीच घात होतो. तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले की थेंबांचा अंमल उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, माणूस पुन्हा थेंब घालतो, आणि महिनोन् महिने हे चक्र चालू राहतं. बंद नाकामुळे तोंडाने श्वास, त्यामुळे घसा कोरडा, आणि त्यावरून पुन्हा "इम्युनिटी कमी". यातून बाहेर पडायला डॉक्टर बहुधा फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा, म्हणजे नाकातली सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा, स्प्रे देतात. तो वापरण्याची पद्धत चुकली की काही उपयोग होत नाही. मान मागे टाकायची नाही, थोडी पुढे झुकवायची. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्याने उजवीत, टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, मधल्या पडद्याकडे नाही. पडद्यावर मारला की नाकातून रक्त येतं. फवारा मारून जोरात ओढायचा नाही, ओढलेलं औषध घशात उतरतं. गुण यायला आठवडा-दोन आठवडे रोज घ्यावा लागतो. दोन दिवस मारून "काही फरक नाही" म्हणणारेच जास्त.

सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असं मिश्रण असतं. तोंडाने घेतलेल्या फेनिलेफ्रिनने नाक मोकळं होत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. क्लोरफेनिरामिनने झोप येते, गाडी चालवणाऱ्याने ते घेऊच नये. आणि तापासाठी पॅरासिटामॉल वेगळं घेतलं तर तेच औषध दुप्पट पोटात जातं. वेष्टण वाचावं.

झोपेबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या शेल्डन कोहेन यांनी १५३ निरोगी स्वयंसेवकांची दोन आठवड्यांची झोप नोंदवली आणि मग त्यांच्या नाकात राइनोव्हायरसचे थेंब टाकले. निष्कर्ष २००९ मध्ये आले. आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत सात तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता जवळपास तिप्पट. त्याहून महत्त्वाचं हे की अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी ९२ टक्क्यांपेक्षा कमी वेळ ज्यांचा डोळा लागला होता, त्यांना ९८ टक्केवाल्यांच्या साडेपाच पट. स्लीपर कोचमधली झोप अशीच तुकड्या-तुकड्यांची असते: गतिरोधक, ढाबा, मधल्या थांब्यांवरची हाकाटी. तिकिटावर आठ तास दिसतात म्हणून ती आठ तासांची झोप धरू नये. लागोपाठ दोन रात्री बसमध्ये काढू नयेत, मधे एक रात्र गादीवर. पहाटे साडेपाचला उतरून नऊला मीटिंग असेल तर लॉजवर तीन तास झोपण्याचा खर्च करावा. वर्षभराच्या गोळ्यांहून तो स्वस्त पडतो.

व्हिटॅमिन सी रोज घेतल्याने सर्वसाधारण माणसाच्या सर्द्यांची संख्या कमी होत नाही. मोठ्यांमध्ये सर्दीचा काळ आठेक टक्क्यांनी घटतो, म्हणजे आठ दिवसांतला अर्धा-पाऊण दिवस. सर्दी सुरू झाल्यावर घेतलं तर तेवढाही भरवशाचा फायदा नाही. मॅरेथॉन धावणारे, बर्फात कसरत करणारे सैनिक यांना फायदा दिसला आहे, तेव्हा तो उपाय त्यांच्यासाठी ठेवावा. आवळा खावा, आवडतो म्हणून. गुळवेलीचा काढा महिनोन् महिने घेण्याबाबत मात्र सावध राहा: मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये तो घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. तरीही ज्याला आधीच यकृताचा किंवा थायरॉइडचा त्रास आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा तीन दिवसांचा पत्ता बॅगेत बाळगणं तर सोडायलाच हवं. विषाणूंवर ते चालत नाही. मार्च २०२३ मध्ये फ्लूची साथ असताना इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांनाच हे बजावलं होतं. तीन दिवसांनी बरं वाटतं ते तिसऱ्या दिवसानंतर सर्दी एरवीही उतरायला लागते म्हणून.

फ्लूची लस ही प्रवाशासाठी खरोखर पैसे खर्च करण्याजोगी गोष्ट. ती सर्दी थांबवत नाही, फ्लू थांबवते. विषाणूशी जुळलेल्या वर्षी फ्लूची शक्यता ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. वेळ मात्र आपल्या हवामानाप्रमाणे साधावी. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला तो पुण्यात, ऑगस्टमध्ये. तेव्हा लस एप्रिल-मेमध्ये घ्यावी, संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. ज्यांचं फिरणं डिसेंबर-जानेवारीत युरोप-अमेरिकेत किंवा काश्मीरकडे जास्त आहे त्यांनी ऑक्टोबर धरावा. मधुमेह, दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी टाळूच नये.

सर्दी असताना उडायचंच असेल तर कान दडू नयेत म्हणून विमान उतरायला लागण्याच्या अर्धा तास आधी झायलोमेटाझोलिनचे थेंब टाकावेत. हा त्यांचा योग्य उपयोग. उतरताना झोपू नये, सारखं गिळत राहावं, आणि नाक चिमटीत धरून गिळावं. नाक धरून जोरात फुंकल्याने कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते.

आता ज्यांची प्रतिकारशक्ती खरंच तपासायला हवी ते. वर्षाआड किंवा दरवर्षी न्यूमोनिया, ॲलर्जी नसताना वर्षात दोनदा सायनसचा जंतुसंसर्ग, पुन्हा पुन्हा खोलवर गळवं, तोंडात न जाणारा पांढरा बुरशीचा थर, जुलाबांसोबत घटणारं वजन. अशांनी पॅकेज न घेता फिजिशियनकडे जाऊन सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), एचआयव्ही आणि आयजीजी-आयजीए-आयजीएम (रक्तातली प्रतिपिंडं) या तपासण्यांविषयी विचारावं. मधुमेह निघतो असं बरेचदा घडतं. रात्री-पहाटे खोकला आणि छातीत शिट्टी वाजत असेल तर स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी; दम्याला वर्षानुवर्षं सर्दी म्हणत बसलेले पुष्कळ असतात.

आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला की प्रवास, एसी, धूळ यांना दोष देणं थांबवून क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकून बेडका डबीत टाकायचा. नुसती लाळ दिली तर तपासणी फुकट जाते.